उसनं रक्त

एवेलिओच्या नावावर बायार्दोचं रक्त द्यायचं, ही कल्पना मेल्बाची. पुढे सगळं विस्कटल्यावर गावाने त्याचा दोष कधी नवऱ्यावर टाकला, कधी भावावर, कधी मुकादमावर. पण मेल्बाने मात्र कधी हात झटकले नाहीत. एवेलिओ तिचा नवरा, बायार्दो तिचा पाठचा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये डोकं लढवणारी ती एकटी.

तोड सुरू होण्याआधी, ऑक्टोबरात, साखर कारखाना तोडकऱ्यांचं रक्त तपासायचा. रक्तातलं क्रिएटिनिन एक पॉइंट तीनच्या वर गेलं, की किडनी बिघडली असं धरून त्या माणसाला त्या हंगामात कोयता देत नसत. गावात त्या दुखण्याला नावच ते पडलं होतं. अमक्याला क्रिएटिनिन झालं, तमका क्रिएटिनिनने गेला, असं लोक ताप-खोकल्यासारखं बोलत. चर्चमागच्या गल्लीत एका ओळीत नऊ घरं होती आणि नवरा जिवंत असलेली बाई त्यातल्या दोनच घरांत उरली होती. तरी ऑक्टोबर आला की झाडून सगळे पुरुष फाटकापाशी हजर. ऊस नाही तोडायचा तर खायचं काय, याचं उत्तर कारखान्याच्या डॉक्टरकडेही नव्हतं.

मग गावाने आपली अक्कल चालवली होती. तपासणीच्या आधी आठवडाभर मांस बंद, दारू बंद, उन्हात जाणं बंद; दोन खांबांना बांधलेल्या झोळीत पडून राहायचं आणि शहाळ्याचं पाणी ढोसायचं. एवढं करूनही ज्यांचा आकडा खाली येत नसे, ते रक्त उसनं घेत. गावात चार-पाच जण ‘चांगल्या रक्ताचे’ म्हणून माहीत होते. ते दुसऱ्याचं ओळखपत्र खिशात घालून रांगेत उभे राहत, हात पुढे करत, आणि काम झालं की एक कोंबडी घेऊन घरी जात. ओळखपत्रावरच्या फोटोंची कुणाला भीती नव्हती. सगळ्यांचे फोटो सारखेच: मिशी, आणि नुकतंच पोलिसांनी धरल्यासारखा चेहरा.

एवेलिओचा आकडा गेला हंगाम संपताना, एप्रिलमध्येच, एक पॉइंट सहा आला होता. “ऑक्टोबरात ये, उतरला असेल तर बघू,” मुकादम सिल्वियो म्हणाला होता. तो आकडा उतरत नसतो, हे सिल्वियोलाही ठाऊक होतं. सहा महिने एवेलिओने लोकांची कुंपणं बांधली, विहिरी उपसल्या, आणि घरात दोन मुली राजम्यावर भात आणि भातावर राजमा खाऊन कंटाळल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो झोळीत पडून आढ्याकडे बघत होता.

“यंदा काय करायचं?” तो म्हणाला.

“बायार्दोला विचारते,” मेल्बा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “रेड्यासारखा आहे तो. कधी शिंकलेला बघितलाय त्याला?”

एवेलिओने पायाने भिंतीला रेटा देऊन झोळी हलवली. मग “विचार,” म्हणाला.

बायार्दो तिशीचा, बिनलग्नाचा. पूर्वी चार हंगाम त्याने ऊस तोडला होता, मग मुकादमाशी भांडून नदीकाठी स्वतःची छोटी वीटभट्टी घातली होती. चिखल तुडवायचा, विटा पाडायच्या, भट्टी लावायची, सगळं एकट्याने. त्याला विचारलं तर तो छाती काढूनच उभा राहिला.

“घ्या की, ताई! दोन वर्षांपूर्वी त्या लिसांद्रोला दिलं तर शून्य पॉइंट नऊ आलं. डॉक्टर म्हणाला, या वयात असं रक्त बघितलं नाही. लिसांद्रो सत्तावन्नचा होता ना!” आणि स्वतःच्याच विनोदावर तो ठसका लागेपर्यंत हसला.

तपासणीच्या दिवशी मेल्बा मुद्दाम बरोबर गेली. बायार्दोचं तोंड सैल, कुठे काय बोलेल याचा भरवसा नाही. कारखान्याच्या फाटकापाशी ताडपत्री लावली होती, टेबलांवर नळ्यांच्या चळती, आणि तीनशे माणसांची रांग. एवेलिओची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बायार्दो नर्सपुढे बसला. तिने आधी त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

“एकशे साठ, शंभर,” नर्स म्हणाली. “एवेलिओ, डोकं दुखतं का रे तुझं?”

“बायको बोलायला लागली की दुखतं,” बायार्दो म्हणाला आणि मागे उभ्या असलेल्या बहिणीकडे बघून डोळा मारला. रांगेत हशा पिकला. अर्ध्या रांगेला तो कोण ते माहीत होतं. मेल्बाला त्याच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला.

नर्सने शेजारच्या टेबलाकडे हाक मारली. तिथे शहरातल्या मेडिकल कॉलेजातून आलेली एक डॉक्टरीणबाई बसली होती, पिनेदा नावाची, किडकिडीत, घामाने चष्मा सतत घसरणारी. ज्यांचं बीपी जास्त भरे त्यांची ती आणखी एक नळी घेत होती.

“ही दुसरी कशाला?” मेल्बाने घाईने विचारलं. “बीपी जास्त आलं म्हणून काम नाकारतील का?”

“नाही. ही कारखान्याची नाही, माझी आहे. याचा निकाल फक्त ज्याचा त्याला कळवते.”

मेल्बाचा जीव भांड्यात पडला. घ्या म्हणावं हव्या तेवढ्या नळ्या. भावाचं बीपी एकशे साठ आहे, हे तिने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ते पुढे तिला फार लागलं, पण त्या क्षणी तिला एकच चिंता होती, की एवेलिओला कोयता मिळतो की नाही.

मिळाला. क्रिएटिनिन एक पॉइंट शून्य. मुकादम सिल्वियोने कागद बघितला, एवेलिओकडे बघितलं, आणि “शहाळ्यात जादू असते बुवा,” एवढंच म्हणाला. बायार्दोने ठिपक्यांची कोंबडी काखेत मारून नेली. नोव्हेंबरच्या मध्यापासून एवेलिओ पहाटे ट्रकमध्ये चढू लागला आणि दुपारी जळक्या उसाच्या काजळीने काळा होऊन उतरू लागला. घरात चीज आलं, मुलींना चपला आल्या. रात्री त्याच्या पायांत गोळे येत. मेल्बा ते चोळून देई आणि दोघंही त्यावर काही बोलत नसत.

सात डिसेंबरला दुपारी डॉक्टर पिनेदा दारात उभी राहिली. त्या दिवशी संध्याकाळी मारियामातेचा सण. लोक घरोघरी ओरडत, गात यायचे आणि त्यांना काहीतरी हातावर ठेवायचं. मेल्बा उसाचे करवे कापून टोपलीत रचत होती.

“एवेलिओ सेलेदोन इथेच राहतो ना?”

“फडावर गेलाय. मी बायको.”

डॉक्टरीणबाई पायरीवरच टेकली. तिने पिशवीतून कागद काढला. “घाबरू नका. उशीर झालेला नाही, म्हणूनच मी स्वतः आले.”

घाबरू नका म्हटल्यावर जे होतं ते मेल्बाचं झालं. 

“क्रिएटिनिन चांगलं आलं होतं ना पण? एक पॉइंट शून्य?”

“तोच तर घोळ आहे. क्रिएटिनिन तोंड उघडतं तोवर अर्धी किडनी गेलेली असते. बीपी जास्त असलेल्यांत मी दुसरी एक गोष्ट बघते, सिस्टॅटिन म्हणतात. ती आधी वाढते. तुमच्या नवऱ्याची बरीच वाढलीय. म्हणजे आतून सुरुवात झालीय, पण माणसाला काही जाणवत नाही. ना दुखणं, ना खुपणं.”

“मग?”

“मग आज सावरलं तर सावरेल. बीपीची गोळी रोज. डोकं दुखलं की लोक ज्या वेदनाशामक गोळ्या गिळतात त्या बंद. आणि ऊन, जाळ, असलं काम बंद. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तसंच चालू ठेवलं तर एक-दोन वर्षांत रक्त धुवायच्या मशीनवर.”

जाळ म्हटल्याबरोबर मेल्बाच्या डोळ्यांपुढे भट्टीचं तोंड आलं. बायार्दो त्या तोंडापुढे उघड्या अंगाने बसतो आणि डोकं भणभणलं की दोन गोळ्या रिकाम्या पोटी टाकतो. पुरुषासारखा पुरुष, त्याला कोण सांगणार.

“नक्की हेच रक्त का?” तिने विचारलं. “म्हणजे, नळ्यांत गडबड होते कधीकधी.”

“नळीवर मी स्वतः नाव लिहिलंय,” डॉक्टर म्हणाली. “गडबड माझ्याकडून नाही होत.”

मेल्बाने तिला दोन संत्री आणि उसाचा करवा दिला. सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

एवेलिओ आला तेव्हा तिने त्याला हातपाय धुऊ दिले, कॉफी दिली आणि मग कागद. त्याने तो दोनदा वाचला. आधी त्याला हसू फुटलं.

“माझं नाव, माझा पत्ता, आणि किडनी मेव्हण्याची!”

“हसतोस काय?”

“रडू का?” त्याने कागदाची घडी घातली. त्याचं हसू ओसरलं होतं. “कुणाला बोललीस?”

“अजून नाही. आत्ता येईल तो सणाला, तेव्हा...”

“मेल्बा, ऐक. तो ऐकेल आणि धावत डॉक्टरकडे जाईल. डॉक्टर विचारेल, तुझं रक्त माझ्याकडे कधी आलं? मग माझं काय? ट्रकमधून उतरवतील. पुढच्या हंगामालाही उभं करणार नाहीत. ज्या ज्या लोकांनी रक्त उसनं घेतलंय त्यांचीही पाळी येईल, आणि गाव आपल्या दारावर दगड मारेल.”

“म्हणून गप्प बसायचं?”

“एप्रिलपर्यंत. हंगाम संपेपर्यंत. तीच म्हणाली ना, उशीर झालेला नाही म्हणून? उशीर झालेला नाही म्हणजे वेळ आहे. चार-पाच महिन्यांनी काय आभाळ कोसळतं?”

आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे, मेल्बाला ते पटलं. पटायला हवंच होतं तिला. उद्या मरणाऱ्या माणसासाठी माणूस आज धावतो. दोन वर्षांनी आजारी पडणाऱ्यासाठी आज चूल विझवायची म्हटली की हात कचरतो. डॉक्टर बिचारी दुखणं लवकर शोधायला शहरातून आली, आणि तेच ‘लवकर’ या घरात थांबायचं कारण झालं.

अंधार पडला तसे फटाके सुरू झाले. घोळका दारात आला. सगळ्यांत पुढे बायार्दो, धुतलेला शर्ट, केसांना तेल.

“इतका आनंद कुणामुळे?” तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

“मारियामातेमुळे!” घोळका ओरडला.

मेल्बाने त्याच्या ओंजळीत करवा आणि नारळाची वडी ठेवली.

“ताई, चेहरा का असा? आनंद करायचा सण आहे, कुणाच्या मयताला नाही आलो आम्ही.”

“धूर गेला डोळ्यांत,” ती म्हणाली.

“दाजी, बायकोला चूल नवी घेऊन द्या आता, कमावता आहात!” तो खिदळला आणि पुढच्या दाराकडे गेला. एवेलिओने मान खाली घातली.

तीन दिवस मेल्बाने कळ काढली. चौथ्या दिवशी ती नदीवर धुणं घेऊन गेली, ते तिथेच ठेवलं आणि भट्टीवर गेली. बायार्दो चिखल तुडवत होता. तिथलं ऊन डिसेंबरातही रणरणत होतं. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, कागद त्याच्यापुढे धरला. त्याने हात चिखलाचे म्हणून तो हातात घेतला नाही, लांबूनच वाचला.

“यावर दाजीचं नाव आहे,” तो म्हणाला.

“नाव त्याचं, रक्त तुझं. ऑक्टोबरात कुणी दिलं होतं?”

“मी दिलं ते एक पॉइंट शून्य आलं. तेवढं माझं. हे पुढचं काय ते मला माहीत नाही.”

“अरे, एकाच वेळी दोन नळ्या घेतल्या! मी मागे उभी होते.”

“ताई, तीनशे माणसं होती. त्या बाईने कुणाचं कुणाला लावलं असेल. क्रिएटिनिन कुणाला आहे? दाजीला. कागद कुणाच्या नावाचा? दाजीच्या. मग बरोबरच आहे की कागद!” तो आता चिडला होता. “मला काही होतंय का? बघ. सकाळपासून चारशे विटांचा चिखल मळलाय. तुला नवऱ्याचं दुखणं सोसवत नाही म्हणून ते माझ्या माथी मारतेस?”

“बायार्दो!”

“जा आता. भट्टी रचायचीय. दोन दिवसांत पेटवणार आहे.”

ती ओल्या वाटेने परत आली तेव्हा तिला रडू नाही, राग आला होता. भावावर नाही. त्या कागदावरच्या नावावर. खोटं नाव त्याच्यासाठी चांगली पळवाट झालं होतं. ते तिथे आहे तोवर हा माणूस स्वतःच्या जिवावर उदार होऊन जाळापुढे बसणार, आणि वर म्हणणार की मी ठणठणीत. गाव वर्षानुवर्षं एकमेकांना रक्त देत आलं, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही, की उसनं दिलेल्या रक्तात स्वतःचंही काही कळत असेल.

डॉक्टर पिनेदा शुक्रवारी आरोग्य केंद्रात बसायची. शुक्रवारी मेल्बा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “हे माझ्या नवऱ्याचं रक्त नाही. माझ्या भावाचं आहे. बायार्दो कार्कामो. मीच त्याला उभं केलं होतं.”

डॉक्टरने चष्मा काढला. ती चिडेल असं मेल्बाला वाटलं होतं; ती नुसती थकल्यासारखी दिसली.

“आणि तुमचा नवरा? त्याचा खरा आकडा काय?”

“एप्रिलमध्ये एक पॉइंट सहा.”

“आणि तो आत्ता, या क्षणी, ऊस तोडतोय.”

“हो.”

“मला कारखान्याला कळवावं लागेल. दुसऱ्याच्या आकड्यावर मी त्याला फडात राहू देऊ शकत नाही. बाकी कुणाचं मी विचारणार नाही. पण याचं मला कळलंय.”

“कळवा,” मेल्बा म्हणाली. “फक्त कागदावरचं नाव बदलून द्या मला. सहीनिशी. त्याशिवाय तो विश्वास ठेवणार नाही.”

डॉक्टरने एवेलिओचं नाव खोडलं, वर बायार्दोचं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी दिली. “त्याला घेऊन या. रक्त पुन्हा तपासू. आणि नवऱ्यालाही.”

त्या रात्री मेल्बाने एवेलिओला काही सांगितलं नाही. सांगायचं धाडस झालं नाही, एवढंच. शनिवारी पहाटे तो कोयता घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. चेहरा स्वच्छ, शर्ट स्वच्छ. गेल्या महिनाभरात तिने त्याला दिवसा असा बघितला नव्हता. त्याने कोयता भिंतीला टेकवला.

“सिल्वियोने सगळ्यांसमोर नाव वाचलं. म्हणाला, उतर, तुझं रक्त तुझं नाही.” तो बाकावर बसला. “कुणी सांगितलं?”

“मी.”

त्याने शिवी दिली नाही, हात उचलला नाही. ते दोन्ही त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने मुलींना शेजारी पाठवलं आणि विचारलं, “मेव्हण्याला कळलं?”

“सांगितलं होतं, पटलं नाही. आता नवा कागद घेऊन जातेय.”

“चल. मीही येतो.”

भट्टी कालच पेटली होती. विटांच्या ढिगाऱ्यातून पांढरा धूर निघत होता, आणि बायार्दो तोंडापाशी ओणवा बसून आत ओंडके ढकलत होता. अंग घामाने निथळत होतं, डोळे लाल झाले होते. एकदा जाळ लावला की तीस तास तो खाली बसू द्यायचा नाही. बसला तर सगळा माल कच्चा आणि तीन आठवड्यांची मेहनत मातीत. मेल्बाने नवा कागद पुढे केला. बायार्दोने तो बघितलाही नाही. तो तिच्या मागे बघत होता.

“दाजी? तुम्ही इथे कसे? फडात नाही गेलात?”

“उतरवलं,” एवेलिओ म्हणाला.

“का?”

“तुझी बहीण डॉक्टरकडे जाऊन खरं सांगून आली.”

बायार्दोने मग कागद घेतला. त्यावरचं आपलं नाव बोट फिरवून वाचलं. शिक्का बघितला. पण त्याला पटलं ते कागदाने नाही. ऐन हंगामात, सकाळी आठ वाजता, स्वच्छ शर्टात उभ्या असलेल्या दाजीने पटलं. हातचं काम कुणी थट्टेखातर सोडत नाही.

“म्हणजे खरंच माझं आहे,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. “ताई, मला तर काहीच होत नाही गं.”

“म्हणूनच तर,” मेल्बा म्हणाली. “ऊठ तिथून.”

“भट्टी पेटलीय.”

“ऊठ म्हणते ना! मी बसते.”

“हे बाईमाणसाचं काम...”

“तुमच्या पुरुषांच्या कामांनी गल्ली भरलीय विधवांची. ऊठ.”

तो उठला. खोचायला पदर नव्हताच, तिने स्कर्ट गुडघ्यांत आवळला आणि तोंडापुढे बसली. पहिल्या ओंडक्यालाच भुवया भाजल्यासारख्या झाल्या. बायार्दोने पाच हात लांबून शिकवलं: आडवा नको, उभा घाल, उजवीकडे कमी पडतंय. मग तो आणि एवेलिओ चिंचेखाली जाऊन बसले, मध्ये पाण्याचं मडकं.  तिने दिलेली गोळी बायार्दोने पाण्याबरोबर गिळली आणि तोंड वाकडं केलं.

“ताई, एक विचारू?”

“विचार.”

“माझं रक्त चांगलं निघालं असतं तर?”

“तर काय? बरंच झालं असतं.”

“तसं नाही. तर दाजी एप्रिलपर्यंत फडातच असते ना? एक पॉइंट सहा घेऊन?”

मेल्बाच्या हातात ओंडका होता. तिने तो आत सारला. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. पण ज्या तोंडाने कालच खरं सांगितलं होतं, त्याच तोंडाने आज दोघांसमोर खोटं बोलणं तिला जमेना.

“असता,” ती म्हणाली.

 आपण काय विचारून बसलो हे बायार्दोलाही उशिराने कळलं असावं. एवेलिओने भांड्यात पाणी घेतलं होतं, ते त्याने हातात तसंच धरलं.

“मी गेलोच असतो म्हणा,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मेल्बाला बरं वाटलं असतं. “पण त्या रविवारी मी विचारलं ना, यंदा काय करायचं म्हणून. तू एकदा तरी ‘नको जाऊस’ म्हणशील असं वाटलं होतं. मग मी म्हणालो असतो, जायला पाहिजे. पण तू भाकरी उलटवलीस आणि याचं नाव घेतलंस.”

“एवेलिओ, पोरी होत्या घरात...”

“पोरी आजही आहेत. याच्यासाठी सहा दिवसांत तोंड उघडलंस. याला अजून काही झालेलंही नाही. मला झालंय, हे तुला एप्रिलपासून ठाऊक होतं. रोज रात्री पाय चोळत होतीस.”

 शोधली असती तर मेल्बाला चारपाच उत्तरं मिळाली असती: तूच म्हणालास गप्प बस, तूच हो म्हणालास, तुझ्याशिवाय कमावणारं कोण होतं. सगळी खरी होती. पण यातलं एकही त्याने विचारलेल्या गोष्टीचं उत्तर नव्हतं.

एवेलिओने पाणी पिऊन भांडं मडक्यावर पालथं घातलं, उठला, आणि नदीच्या काठाने घराच्या वाटेला लागला. पावलं जड पडत होती. मेल्बाने अर्धवट उठून त्याला हाक मारली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

“ताई,” चिंचेखालून बायार्दो हळूच म्हणाला, “जाळ बसतोय.”

ती पुन्हा खाली बसली आणि पुढचा ओंडका उचलला. संध्याकाळपर्यंत तिला तिथून हलता येणार नव्हतं.